उदाहरणातलं घरचं माणूस

टेक म्हणजे घेणे. एवढं शाळेतलं कुठलंही पोर सांगेल आणि वर शाबासकी मागेल. पण शब्दकोशाच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला विचारा, तो कपाळाला हात लावेल. साखर घेणं टेक, औषध घेणं टेक, फोटो काढणं टेक. परीक्षा देणं टेक. म्हणजे देणंसुद्धा टेकच! वेळ लागणं टेक, बोललेलं मनाला लावून घेणं टेक, दुसऱ्याची छत्री उचलून नेणं टेक, कुणाला भलतंच कुणी समजणं टेक. मराठीत जिथे पंधरावीस क्रियापदं घाम गाळतात तिथे हे इंग्रजी क्रियापद एकटं मिशीला पीळ देत उभं असतं.

ते वाट्याला आलं एका बाईच्या. कचेरीत तिला सगळे उदाहरणबाई म्हणत आणि घरी थोरली बहीण छोटे म्हणून हाक मारी. या छोटीची पन्नाशी उलटली होती, केस पिकले होते, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. पण ताईच्या लेखी ती अजून वेणी घालून द्यायच्या वयाचीच होती.

कचेरी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलं थरथरत आणि कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत. शब्दांचे अर्थ लावणारी विद्वान मंडळी वेगळी. ते अर्थ कार्डावर उतरून छोटीकडे येत आणि ती प्रत्येक अर्थाखाली एक इंग्रजी वाक्य आणि त्याखाली त्याचं मराठी लिही. वाक्य लिहिलं की हलक्या आवाजात वाचून बघायचं, कानाला पटलं तर कार्ड साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवायचं. नियम दोनच. उदाहरण एका ओळीत बसलं पाहिजे, आणि उदाहरणात घरचं माणूस आणायचं नाही.

हा दुसरा नियम तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या आधीच्या उदाहरणवाल्यांनी सांगितला होता. त्यांना सगळे काका म्हणत. ते निवृत्त व्हायला आले होते, टेबलाचे खण रिकामे करत होते. तिने विचारलं, "का हो काका?" तर ते म्हणाले, "नाही म्हणजे नाही." वाक्यात आपलं माणूस आलं की त्याचा लळा लागतो, मग ते कापवत नाही, असंच काहीतरी असणार असं तिने धरून ठेवलं. गंमत म्हणजे हा नियम स्वतः काकांनीच मोडलेला होता. जुन्या आवृत्तीत टेकचा एक अर्थ होता, आजाराने किंवा मरणाने माणसाला नेणं. त्याखाली काकांचं उदाहरण होतं: कुठलाच आजार माझ्या बायकोला नेऊ शकला नाही. साऱ्या कचेरीत या वाक्याची टिंगल चाले. काकांना काकूंचा धाक किती, बघा म्हणे, कोशातसुद्धा!

घरी छोटी आणि ताई दोघीच. आई लवकर गेली तेव्हा ताई कॉलेजात इंग्रजी शिकत होती आणि तिला त्याचीच शिक्षिका व्हायचं होतं. तिने कॉलेज सोडलं, शिलाई यंत्र आणलं आणि लोकांचे पडदे शिवून छोटीला वाढवलं. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तिनेच छोटीला इंग्रजी शिकवलं. पहिलं क्रियापद हेच. चमचा पुढे करायची आणि म्हणायची, टेक. छोटीने तो घेतला की म्हणायची, शाब्बास. पुढे छोटी पदवीधर झाली, कोशात लागली, आणि ताईचं इंग्रजी पडद्यांच्या ढिगाखाली विसरून गेलं. ताई चेष्टेत म्हणायची, "तुझं इंग्रजी माझं आहे हां छोटे. जपून वापर."

ताई म्हणजे मोठ्या आवाजाची, खळखळून हसणारी बाई. चहात अडीच चमचे साखर, वर पुन्हा "जरा कमीच झाली" अशी तक्रार. यंत्र चालवताना ती गात असे. सूर कधी लागला नाही, पण हौस दांडगी. शेजारी खिडक्या लावून घेत आणि ताई आणखी वरची पट्टी धरी.

नव्या, मोठ्या आवृत्तीचं काम निघालं आणि छोटीच्या टेबलावर टेकचा गठ्ठा येऊन पडला. ती कामाला लागली. एका माणसाने खुर्ची घेतली. एका बाईने औषध घेतलं. दोन दिवसांनी सारी कार्डं साहेबांकडून परत आली. साहेब फारसं बोलत नसत, मान वर करून माणसाकडे बघतही नसत. लाल पेन्सिलीने लिहीत. प्रत्येक कार्डावर एकच शेरा होता: हे वाक्य मेलेलं आहे.

आता हा कुणीतरी माणूस आणि ही कुणीतरी बाई, यांच्यात प्राण आणायचे कुठून? छोटीची मती गुंग झाली. खूप वेळ पेन चावून झाल्यावर तिने डोळे मिटले, तर समोर ताईच आली. दुसरं होतंच कोण तिला? गंमत म्हणून तिने उलटंच लिहिलं: माझी बहीण चहात साखर घेत नाही. हलक्या आवाजात वाचलं, हसू आलं, कार्ड ट्रेमध्ये टाकलं. ते परत आलं तेव्हा लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं: असं हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीने नेहमीसारखा साखरेचा डबा पुढे सरकवला. ताईने तो बाजूला केला.

"नको गं. मी कुठे घेते?"

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? काहीतरीच विचारतेस सकाळी सकाळी," ताई म्हणाली आणि बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

डॉक्टरने दटावलं असेल, वय झालं, असं छोटीने मनाशी म्हटलं. ती साहेबांच्या शेऱ्याने हरखून गेली होती. इतक्या वर्षांत कुणी 'असं हवं' म्हटलं नव्हतं. मग तिने ताईला सगळीकडे घातलं. माझी बहीण चुकून दुसऱ्याची छत्री घेऊन आली. माझी बहीण नेहमी खिडकीजवळची जागा घेते. दुपारी तिला एक विनोद सुचला, त्या भरात तेही, वाचून न बघताच, लिहिलं: माझ्या बहिणीने मला परकी बाई समजून दार उघडलं नाही. सगळी कार्डं एका रबराने बांधली आणि ट्रेमध्ये ठेवली.

घरी गेली तर दाराशी एक काळी, लांब दांड्याची, कुणा पुरुषाची छत्री टेकून ठेवलेली. ताई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. गेली तीस वर्षं जी भिंतीकडच्या खुर्चीवरून हलली नव्हती, ती. छोटीने पिशवी तशीच दाराशी टाकली. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि स्वतःला वेड्यात काढू लागली.

खरंखोटं करून बघायचंच, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी असं वाक्य शोधलं जे ताईच्या स्वभावात बसूच शकत नव्हतं. माझ्या बहिणीने शिट्टी वाजवायचा नाद घेतला. ताईला आयुष्यात शिट्टी वाजवता आली नव्हती, नुसती हवा जायची. संध्याकाळी छोटी जिना चढू लागली आणि वरून शिट्टी ऐकू आली. स्वच्छ, सुरेल, एकाच चालीची. ती संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. छोटी जिन्यात थांबली. शिलाई यंत्राचा आवाज तोच होता, पण त्यावर गाणं नव्हतं. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या.

आता ती खरीच घाबरली. सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन तिने साखरेचं कार्ड शोधलं आणि बारीक बारीक फाडून टाकलं. झालं, तिला वाटलं, गेलेली साखर परत येईल. घरी येऊन तिने ताईसमोर चहा ठेवला, साखरेचा डबा ठेवला. ताईने कप दोन्ही हातांत धरला. वाफ निघून गेली, वर साय धरली, तरी ती तशीच बसून होती. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं,

"याचं काय करायचं असतं गं?"

छोटीने तो कप तिच्या हातातून काढून घेतला. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. ताईला काही कळेना, ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि शिट्टी वाजवत राहिली.

म्हणजे लिहिलेलं चिकटत होतं, आणि खोडलं तर पूर्वीचं परत येत नव्हतं, तिथे काहीच उरत नव्हतं. त्यानंतर छोटीने एकाही कार्डाला हात लावला नाही. पण परक्या बाईचं न वाचलेलं कार्ड तिकडे साहेबांच्या ट्रेमध्ये होतंच, आणि कधीतरी कुणी ते वाचणारच होतं.

दोन दिवसांनी ती कामावरून आली, दार वाजवलं. दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून ताईचा डोळा तिच्याकडे बघत होता.

"कोण हवंय आपल्याला?"

"ताई, अगं मी."

"इथे मी आणि माझी धाकटी बहीण राहतो," ताई म्हणाली. "ती कामावर गेलीय. तुम्ही नंतर या हां."

दार बंद झालं. छोटी पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने ताईलाच दया आली असावी. तिने दार उघडून या बाईला आत घेतलं, पाणी दिलं, बसा म्हणाली. आणि मग ती खिडकीत जाऊन उभी राहिली. "इतका उशीर करत नाही हो ती कधी," ती म्हणाली. "रस्ता ओलांडताना तिचं लक्ष नसतं, मला तीच काळजी." छोटी आपल्याच घरात खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि तिची बहीण तिच्याशी अहोजाहो करत तिचीच वाट बघत होती. असं रोज होऊ लागलं. रोज दार, साखळी, पाणी, आणि मग ती खिडकी. ताईचं खाणं कमी झालं. हरवलेल्या बहिणीच्या काळजीने ती दिवसेंदिवस झिजत चालली. हे असंच चाललं तर ताई आपल्या डोळ्यांदेखत, आपलीच वाट बघत मरेल, हे छोटीला लख्ख दिसत होतं.

तेव्हा तिला काकांचं ते टिंगलीचं वाक्य आठवलं. तिने कचेरीतून पत्ता काढला आणि दुपारीच निघाली.

काका बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होते. फार थकले होते. छोटीने तोंड उघडायच्या आधीच ते तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "घरचं माणूस आणलंत ना?"

तिने मान हलवली. तेवढ्यात आतल्या खोलीतून काकू आल्या. इतकं म्हातारं माणूस छोटीने कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपण संपल्यावरही जे उरेल, ते समोर चालत होतं. काकूंनी खुर्ची घेतली. टेबलावरची बाटली उचलून चमच्यात ओतली, चमचा तोंडात घातला, डोळे घट्ट मिटून गिळलं. उठल्या, आत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या, पुन्हा खुर्ची, पुन्हा चमचा. बाटली कोरडी होती. तिच्या तळाशी धूळ होती.

"मी तिला दोनतीन वाक्यांतच घेतलं होतं," काका म्हणाले. "खुर्ची घेते, औषध घेते. मग ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. टेबलावर नेमकं टेक होतं. मी ते वाक्य लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी तिने उठून केस विंचरले हो. मला इतका आनंद झाला! दारोदार जाऊन सांगावं असं वाटलं."

"मग?"

"मग काय? आजार बरा झाला नाही. तो तिला फक्त नेऊ शकत नाही."

काकू तिसऱ्यांदा आल्या. खुर्चीत बसताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. छोटीने हळूच विचारलं, "त्यांना दुखतं का?"

"सगळं दुखतं. तेवढं थांबवणारं वाक्य मी लिहिलं नव्हतं." काकांनी तिचा हात धरला. "नव्या आवृत्तीत ते वाक्य काढा बाई. मी साहेबांना किती निरोप धाडले, त्यांना वाटतं म्हातारा चळला."

"काढलं की काही उरत नाही, काका. मी बघितलंय."

"तेच हवंय मला," काका म्हणाले, आणि छोटीसमोर रडले.

तिने कबूल केलं. मग आपलं गाऱ्हाणं सांगितलं. काकांनी बोटांवर एकेक अर्थ मोजून पाहिला. "परत घेणं हाही टेकचाच अर्थ आहे," ते म्हणाले. "आमच्या वेळी जागेअभावी गाळला होता. तुमच्याकडे आहे?"

"आहे. दुकानदाराने खराब माल परत घेतला, असं काहीतरी लिहून ठेवलंय."

"मग तिथे बहिणीला घाला. पण ओळ एकच मिळते, हे विसरू नका. तिच्याबरोबर आणखी काय काय जाईल याचा आधी विचार करा."

छोटी तडक कचेरीत परतली. आधी तिने नव्या गठ्ठ्यात जसंच्या तसं उतरलेलं काकूंचं वाक्य लाल रेघ मारून काढून टाकलं. मग दुकानदाराचं कार्ड समोर घेतलं. माझ्या बहिणीने साखर, गाणं, भिंतीजवळची खुर्ची आणि धाकट्या बहिणीची ओळख परत घेतली, असं लिहायला तिचे हात शिवशिवत होते, पण ते ओळीत बसेना. साखर घातली तर ओळख बाहेर राही, ओळख घातली तर गाणं जाई. आणि शिट्टीबरोबर, छत्रीबरोबर आपल्या नकळत अजून काय काय गेलं असेल, कुणी सांगावं? ताईची ती जुनी चेष्टा तिला त्या क्षणी आठवली नाही असं नाही. आठवली. पण दारातला तो साखळीआडचा डोळाही आठवला. तिने लिहून टाकलं: माझ्या बहिणीने जे जे तिचं होतं ते सगळं परत घेतलं. एका ओळीत बसलं. तिने ते हलक्या आवाजात वाचलं आणि कार्ड ट्रेमध्ये ठेवलं.

घरी दार आधीच उघडं होतं.

"कुठे उलथली होतीस गं इतका वेळ?" ताई आतून ओरडली. "आणि ही कुणाची छत्री? टाक बाहेर. चहा ठेव आधी, साखर सढळ हाताने घाल. तुझा हात म्हणजे कंजुषाचा!"

छोटी तिच्या गळ्यात पडली. ताई हसली, अगं वेडे म्हणाली, आणि यंत्राशी बसून बेसूर गाऊ लागली. शेजारची खिडकी धाडकन बंद झाली. त्या आवाजाचा छोटीला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सकाळी कचेरीत पोचते तोच काकांचा फोन आला. काल संध्याकाळी काकू सुटल्या, म्हणाले. चमचा हातात होता, तशाच. त्यांचा आवाज हलका झाला होता. छोटीने फोन ठेवला, डोळे पुसले आणि पुढचं कार्ड उचललं.

अक्षरं होती. कार्डाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत होती, पण ती काही सांगत नव्हती. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. स्वतःच्या हस्ताक्षरातलं कालचं वाक्य काढून बघितलं. मराठी ओळ वाचता आली. वरची इंग्रजी ओळ म्हणजे कुणीतरी गिरवलेल्या काड्या होत्या. तिने तोंडाने टेक म्हणून बघितलं. नुसता आवाज निघाला, दाणा पडल्यासारखा, आणि त्याला अर्थ नव्हता. तिचा एवढा जन्म ज्याच्यावर उभा होता, ते तिचं कधी नव्हतंच. ते ताईचं होतं, आणि ताईने परत घेतलं होतं.

ती साहेबांकडे गेली आणि ताप आलाय, म्हणाली. साहेबांनी मान वर केली नाही. "तो नेण्याचा अर्थ उघडा पडलाय," ते म्हणाले. "जुनं उदाहरण तुम्हीच काढलंत ना? खाली यंत्र थांबून आहे. घरून लिहून धाडा. आणि सगळीकडे बहीणच आहे, तर इथेही बहीणच येऊ द्या. वाचणाऱ्याला बरं पडतं."

ते कार्ड घेऊन छोटी घरी आली. ताईने ते तिच्या हातातून सहज घेतलं, आणि वाचलं. मोठ्याने, न अडखळता, कॉलेजातल्या मुलीच्या स्वच्छ उच्चारात. मग स्वतःच थबकली.

"छोटे, मला येतंय गं! सगळं येतंय!"

तिने टेबलावरची जुनी इंग्रजी पुस्तकं ओढली, कुठलंही पान उघडून वाचत सुटली. तिचे गाल लाल झाले होते. छोटी ऐकत होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की आपण हे इतकं छान कधीच वाचलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

"माझं गेलंय ताई," ती म्हणाली. "आता तूच लिही ते उदाहरण. पण आधी ऐक. त्यात मला घालू नकोस."

मग तिने सांगायला सुरुवात केली. साखर सांगितली, शिट्टी सांगितली, फाडलेलं कार्ड आणि गार झालेला चहा सांगितला. दाराची साखळी सांगितली. ताईचा चेहरा बदलत गेला. मधेच ती म्हणाली, "मला न विचारता?" आणि छोटीने मान खाली घातली. पुढे बोलणं तिला जमेना. काकूंपर्यंत ती पोचलीच नव्हती. ती ओट्याशी जाऊन चहाचं आधण ठेवू लागली, तेवढाच हातांना उद्योग.

पाठीमागे खुर्ची सरकली. मग पेनाचा आवाज आला.

"ताई, काय करतेस?"

"लिहिलं," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणजे जे लिहू ते होतं ना? मग असा अर्थ मोकळा ठेवायचा असतो का, वेडे? उद्या दुसऱ्या कुणी भलतंच लिहिलं तर? आईला आजाराने नेलं. तुला नाही नेऊ देणार. एका ओळीत झक्क बसलंय. कुठलाच आजार माझ्या बहिणीला कधीही नेऊ शकला नाही."

छोटीच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. तिने धावत येऊन कार्ड उचललं, दोन्ही हातांनी धरलं, फाडायला म्हणून. आणि तशीच थांबली. काकूंचं वाक्य काढलं त्याच संध्याकाळी काकू गेल्या होत्या. जुनी आवृत्ती निघून किती वर्षं झाली, आणि ही बदलायला पुढची कधी निघेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गुडघ्यात नेहमीची कळ उठली आणि ती उभ्याउभ्या त्या कळीकडे लक्ष देत राहिली.

"अशी काय बघतेस?" ताईने तिला जवळ ओढलं, लहानपणी ओट्याशी ओढायची तशी. "वाचता येत नाही म्हणून वाईट वाटतंय? शिकवते मी पुन्हा. सोपं असतं."

तिने कार्डावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघ," ती म्हणाली. "ही तू."